थैली आधीं, उड्डाण मागाहून

इसवी सन १९४९ मध्यें रात्रीची विमानटपाल सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथील विमानें मध्यरात्रीं नागपुरास जमत. थैल्यांची अदलाबदल होई, मगच तीं परत फिरत.

पुढें पत्रें संगणकांत आलीं. २००९ सालच्या विंडोज ७ मध्यें टपालाची सोयच अंतर्भूत नव्हती. विंडोज एक्सपीच्या जागीं ती बसवितांच आउटलुक एक्सप्रेस नाहींसें होई, आणि वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार बुडाला असें घरोघर वाटे. वस्तुतः तबकडी पुसली नसेल, तर डीबीएक्स फायली ‘विंडोज ओल्ड’ या कप्प्यांत शाबूत असत. विंडोज लाइव्ह मेलमध्यें त्या आयात करतां येत. उघडणारें साधन तेवढें गेलेलें असे.

तात्पर्य, यंत्रणा बदलण्यापूर्वीं पत्रांची नक्कल काढून ठेवावी. नागपुरासही थैली आधीं हातीं येई, उड्डाण मागाहून होई.