समंध

सातवीतल्या एका मुलाने निबंधाच्या वहीत लिहिले होते, 'आमचा त्यांच्याशी काही समंध नाही.' सवयीने मी तांबडी रेघ ओढली, वर 'संबंध' लिहिले आणि वही मिटली. रात्री मात्र चमकलो. लहानपणी आमच्याकडे आडाजवळच्या पिंपळात जो राहत असे, ज्याच्या भीतीने दिवेलागणीनंतर आम्ही पोहरा सोडीत नसू, तोही समंधच! पोराचे फारसे चुकले नव्हते. दोन्ही शब्द मुळात एकच.

संस्कृत 'संबंध' आमच्या उमरगा-लोहाऱ्याच्या बोलीत आला, की त्यातला 'ब' मागच्या अनुस्वारात विरून जातो. मग नात्यालाही समंध आणि भुतालाही समंध.

गंमत पाहा. 'भूत' म्हणजे होऊन गेलेले, 'प्रेत' म्हणजे पुढे निघून गेलेले. परतण्याची गोष्ट या दोन्ही शब्दांत नाही. 'खवीस' तर परकाच, अरबी 'खबीस', म्हणजे दुष्ट, ओंगळ. परत येण्याचे कारण नावातच घेऊन येतो तो एकटा समंध. वारस न ठेवता गेलेला, क्रियाकर्म न झालेला, पुरलेल्या धनात जीव अडकलेला माणूस समंध होऊन भाऊबंदांच्या मानगुटीस बसतो, अशी समजूत. आजी म्हणे, "भूत कुणाचंबी असतंय, समंध आपलाच असतोय."

पितरांची गोष्ट निराळी. महालयात येऊन गेलेल्यांना परतीची वाट दिसावी म्हणून दिवाळीत उल्कादान सांगितले आहे. त्यांना बोलावणे आहे, बोळवण आहे. समंधाला दोन्ही नाहीत.

३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून लोक निजले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूरकडचे किल्लारी आणि आमच्या जिल्ह्यातले सास्तूर ढिगाऱ्याखाली गेले. सरकारी मोजणीत ७,९२८ माणसे मेली. दुसऱ्याच दिवशी पितृपंधरवडा लागला, आणि कित्येक घरांत घास ठेवायला कुणी उरलेच नव्हते. त्या समजुतीच्या हिशेबाने गावेच्या गावे समंधांची व्हायची! मला तो हिशेब तेव्हापासून पटत नाही.

शास्त्रकारांनाही तो सगळा पटला नसावा. तर्पण आटोपल्यावर ओले वस्त्र पिळायचे, आणि ते पाणी कुळातल्या निपुत्रिकांचे, अशी सोय त्यांनी करून ठेवली आहे. वडील दरवर्षी पंचाचे टोक पिळीत आणि लगेच उठत. त्या सर्वपित्रीला मात्र पाणी गळायचे थांबले तरी ते बराच वेळ पंचा पिळीतच बसले होते.