चित्राची मूळ प्रत कोणती?

'डूम' हा संगणकीय खेळ १९९३ च्या डिसेंबरात आला. १९९७ साली इड सॉफ्टवेअर या अमेरिकी कंपनीने त्याची आज्ञावली प्रसिद्ध केली आणि १९९९ साली ती जीपीएल या मुक्त परवान्याखाली आणली. परंतु ज्या राक्षसांमुळे आणि किंकाळ्यांमुळे तो खेळ लोकांच्या स्मरणात राहिला, ते सारे कंपनीच्याच मालकीचे राहिले. रंगमंचाची यंत्रणा सर्वांच्या हाती आली. नाटक मात्र आले नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी 'फ्रीडूम' हा प्रकल्प उभा राहिला. प्रत्येक राक्षस, प्रत्येक भिंत नव्याने काढायची. ती इतकी वेगळी असावी की नक्कल ठरू नये, आणि इतकी जुळती की डूमसाठी इतरांनी रचलेले नकाशे तिच्यासह चालावेत. अनुवादकाला ही कसरत ओळखीची वाटेल. या मंडळींनी बीएसडी परवाना निवडला: श्रेय आणि अटींचा मजकूर सोबत ठेवा, मग हवे तसे वापरा.

२००३ साली सुरू झालेल्या 'बॅटल फॉर वेसनॉथ'ने आज्ञावलीसह चित्रांनाही जीपीएलच लावला. येथे एक निराळाच पेच उद्भवतो. कृती वाटायची तर तिचे मूळ रूपही द्यावे, अशी जीपीएलची अट आहे. आणि मूळ म्हणजे फेरबदल करण्यास सर्वांत सोयीचे रूप. आज्ञावलीबाबत याचा अर्थ सहज लागतो. चित्राचे मूळ कोणते? थराथरांची फाइल, की कागदावरचे पेन्सिलीचे रेखाटन? आणि चित्रकाराने थर एकत्र करून मूळ फाइल पुसून टाकली असेल, तर उरलेले सपाट चित्रच मूळ मानायचे काय? पाठचिकित्सक मूळ प्रत शोधतो ती मागे वळून; या परवान्याचे मूळ पुढच्या हाताच्या सोयीवर ठरते. माझ्या मते एका कायदेशीर कलमात दडलेला हा साहित्यविचारच आहे.

२००२ च्या अखेरीस क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने आले. त्यांतील 'व्यापारी वापर नको' हा पर्याय चित्रकारांना स्वाभाविकच भावतो. पण असे चित्र घेतलेला खेळ डेबियनच्या मुख्य संग्रहात बसत नाही, कारण तेथील निकषांनुसार विक्रीस मनाई चालत नाही. मुक्ततेचे वचन केवळ आज्ञावलीपुरते नाही, हे डेबियनने २००४ साली मतदानाने स्पष्ट केले. रिचर्ड स्टॉलमन यांची भूमिका याहून सौम्य आहे: खेळातील कला म्हणजे सॉफ्टवेअर नव्हे, म्हणून ती मुक्त असणे अनिवार्य नाही. मला हे पटत नाही. राक्षस वगळून डूम खेळून पाहावा.

श्रेय आणि समान अटी मागणाऱ्या सीसी परवान्याच्या चौथ्या आवृत्तीतील कृती जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत सामावून घेण्याची वाट २०१५ साली खुली झाली. ती एकेरी आहे. उलट दिशेने जाता येत नाही. ज्याने वीस वर्षांपूर्वी जीपीएलखाली एखादा भालाईत काढून दिला, त्याचे चित्र सीसी परवान्याखाली आणायचे तर आजही त्यालाच गाठावे लागते, आणि तोवर त्याचा ईमेल पत्ता बहुधा बंद पडलेला असतो.