पोटावरील लोंबणारी त्वचा आणि शस्त्रक्रिया

वारंवार बाळंतपणे झाल्यावर किंवा वजन मोठ्या प्रमाणात घटल्यावर पोटावरील त्वचा सैल होऊन लोंबू लागते. त्वचेतील लवचिक तंतू एकदा तुटले, की व्यायामाने वा मलमाने ती पूर्ववत होत नाही. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या जळगाव-धुळ्यात हा प्रश्न केवळ दिसण्याचा राहत नाही. घडीखाली घाम साचून त्वचा सोलवटते आणि बुरशीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो.

शस्त्रक्रियेचे स्वरूप

अमेरिकेतील शल्यविशारद हॉवर्ड केली यांनी १८९९ मध्ये अशी शस्त्रक्रिया केली होती. केवळ लोंबणारा भाग काढणे म्हणजे पॅनिक्युलेक्टॉमी. ॲब्डॉमिनोप्लास्टीमध्ये याशिवाय विलग झालेले पोटाचे स्नायू टाके घालून जवळ आणले जातात आणि बेंबीसाठी नवे छिद्र केले जाते. ओटीपोटावर आडवा छेद घेतला जातो. त्याचा व्रण कायम राहतो. पूर्ण भूल देऊन होणाऱ्या या शस्त्रक्रियेस साधारण २ ते ४ तास लागतात. हा वजन कमी करण्याचा उपाय मात्र नव्हे.

पूर्वतयारी

वजन किमान ६ महिने स्थिर असावे. पुढे अपत्य हवे असल्यास शस्त्रक्रिया लांबणीवर टाकावी. मधुमेह आटोक्यात असावा व रक्तक्षय आधी भरून काढावा. तंबाखू किमान ४ आठवडे आधी बंद करणे अत्यावश्यक आहे. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि जखमेच्या कडेची त्वचा मृत होऊ शकते. ‘धूम्रपान करता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणाऱ्या अनेक स्त्रिया मिश्री लावतात. मिश्री म्हणजे तंबाखूच. ती डॉक्टरांपासून लपवू नये.

धोके आणि काळजी

त्वचेखाली पाणी साचणे, जंतुसंसर्ग, बधिरता हे संभाव्य त्रास आहेत. पायातील शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे हा सर्वांत गंभीर धोका होय. त्यामुळे लवकर चालणे-फिरणे सुरू करावे. मुंबई-पुण्यास शस्त्रक्रिया केल्यास लगेच लांबचा प्रवास करून परतू नये. पोटरी दुखून सुजल्यास किंवा धाप लागल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. सुमारे ६ आठवडे पोटपट्टा वापरावा. हंडा, पोते वा मूल उचलू नये.

सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विम्यातून सहसा मिळत नाही. वैद्यकीय गरज असल्यास विमा कंपनीकडून आधीच लेखी खुलासा घ्यावा. शल्यविशारद प्लास्टिक सर्जरीतील पदव्युत्तर पदवीधारक आहेत का, याचीही खातरजमा करावी.