इगतपुरी

नाशिक जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. मुंबईपासून लोहमार्गाने सुमारे १३६ किमी., थळ घाटाच्या माथ्यावर. या गावाचा नकाशा रेल्वेने आखला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी घाटमार्गाची आखणी केली. मात्र १ जानेवारी १८६५ रोजी कसारा–इगतपुरी मार्ग खुला झाला, तेव्हा ते हयात नव्हते. बोगदे खोदणारे व दगडी पूल रचणारे हजारो अनाम मजूर हेच या गावाच्या इतिहासातले खरे कर्ते होत.

चढ ३७ फुटांस १ फूट, म्हणजे देशातील मुख्य ब्रॉडगेज मार्गांवरील सर्वांत तीव्र चढांपैकी एक. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडतात. ती रेटा देत गाडी वर आणतात आणि इगतपुरीला सुटतात. मुंबईकडे उतरणाऱ्या गाड्यांचे ब्रेक येथेच तपासले जातात. पूर्वी घाटात मध्येच गाडीची दिशा उलटवावी लागे. १९१८ मध्ये नव्या आखणीने ती अडचण संपली. १९३०च्या सुमारास मुंबईकडून विजेची गाडी इगतपुरीपर्यंत पोहोचली, आणि पुढे कित्येक वर्षे येथे विजेचे इंजिन काढून वाफेचे लावले जाई. साहजिकच इंजिन-शेड, चालक-गार्डांच्या विश्रांतिगृहांची व कर्मचाऱ्यांच्या चाळींची वस्ती वाढली. गाडी थांबते तेवढ्या वेळात फलाटावर वडापाव-चहाची विक्री चालते.

१९७६ पासून येथे सत्यनारायण गोयंका यांनी स्थापिलेले धम्मगिरी हे विपश्यना केंद्र आहे.