समाजमाध्यमांवरील जाहिरातींतील बालकांचे संरक्षण

यूट्यूब, इन्स्टाग्राम इत्यादी समाजमाध्यमांवर वस्तूंच्या वा सेवांच्या प्रचारासाठी केलेल्या चित्रफितींत दिसणाऱ्या बालकांचे श्रम, शिक्षण, मिळकत आणि खासगीपण जपण्यासाठीचे कायदे व उपाय. चित्रपटात निर्माता आणि पालक वेगळे असतात. निर्मात्याची मागणी पालक नाकारू शकतात. समाजमाध्यमांवरील छोट्या चित्रफितींत, म्हणजे रील्समध्ये, मात्र पुष्कळदा चित्रीकरण करणारे, कंपनीशी बोलणी करणारे आणि पैसे घेणारे आईवडीलच असतात. अशा वेळी मुलाच्या वतीने नकार देणारे कोणी उरत नाही.

रत्नागिरीतील स्वरूप : रत्नागिरी जिल्ह्यात हा प्रश्न घरगुती व्यवसायाला लागून येतो. हापूसच्या पेट्या, आंबापोळी, कोकम सरबत यांची विक्री आणि होमस्टेची नोंदणी आता थेट समाजमाध्यमांवरून होते. आंब्याचा हंगाम आणि मे महिन्याची सुट्टी एकत्र येतात. संगमेश्वरी बोलीत गोड बोलणारे मूल ग्राहकांना आवडते आणि त्याच्याच चित्रफिती वाढत जातात. लहान गावात घर, शाळेचा गणवेश किंवा वाडीचे नाव दिसले, तरी मुलाचा ठावठिकाणा अनोळखी माणसाला कळू शकतो.

भारतीय कायदा : बालकामगारविषयक 1986 च्या कायद्यात 2016 मध्ये दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास त्यात बंदी आहे. मात्र जाहिरातींसह दृक्‌श्राव्य मनोरंजनातील बालकलाकारांना अटींवर मुभा आहे. 2017 च्या नियमांनुसार निर्मात्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. दिवसाला पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीविना सलग तीन तासांहून अधिक काम देता येत नाही. मुलाच्या इच्छेविरुद्ध काम करवून घेता येत नाही. त्याच्या मिळकतीतील किमान 20 टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावी लागते. 2023 च्या वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तींची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती आवश्यक ठरवली आहे.

उणिवा : शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत कुटुंबाच्या व्यवसायाला धोकादायक नसलेल्या कामात मदत करण्याची मुभा बालकामगारविषयक कायद्यातच आहे. त्यामुळे बागेत आजोबांना हातभार लावणे कुठे संपते आणि बागेची जाहिरात करणे कुठे सुरू होते, हे ठरवणे कठीण होते. घरच्या घरी केलेल्या चित्रीकरणाचे तास मोजणारे कोणी नसते. मोबदला खेळणी वा कपड्यांच्या रूपात आला, तर ठेवीचा नियम लागू करणे अवघड जाते. शिवाय पालकांची संमती हीच सुरक्षेची हमी मानली जाते. आर्थिक लाभ पालकांचाच असेल, तेव्हा ती हमी अपुरी पडते.

इतर देश : ‘द किड’ (1921) या चित्रपटामुळे गाजलेला बालनट जॅकी कूगन याची कमाई आई व सावत्र वडिलांनी खर्च केली. त्यातून कॅलिफोर्नियात 1939 मध्ये बालकलाकारांच्या मिळकतीचा कायदा झाला. फ्रान्सने 2020 मध्ये सोळा वर्षांखालील मुलांच्या व्यावसायिक चित्रफितींसाठी कायदा केला. त्यानुसार मूल पालकांच्या संमतीविना स्वतः चित्रफीत काढून टाकण्याची मागणी करू शकते. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात 1 जुलै 2024 पासून कौटुंबिक चित्रफितींच्या उत्पन्नातील मुलाचा वाटा राखून ठेवणे बंधनकारक आहे.

आवश्यक उपाय : जाहिरात देणाऱ्या कंपनीने परवानगीपत्र व मुलाच्या ठेवीचा पुरावा पाहिल्याशिवाय मोबदला देऊ नये. घर, शाळा, आजारपण, रडणे, आंघोळ यांचे चित्रण टाळावे. शोषणाची शंका आल्यास 1098 या बालमदत क्रमांकावर किंवा जिल्हा बालसंरक्षण कक्षाकडे कळवता येते. घरच्या व्यवसायाचा अभिमान मुलाला जरूर असावा. पण त्या व्यवसायातील माल विकण्यासाठी मुलाचा चेहरा वापरायचा, तर वेळेची मर्यादा, पैशाचा हिशेब आणि नकाराचा अधिकार या तिन्ही गोष्टी त्याला मिळाल्याच पाहिजेत.