पुनर्जन्म, पुनरुत्थान आणि आमचे पूर्वज

महोत्सवाची स्मरणिका म्हटली म्हणजे तींत देवळाची पायाभरणी, धर्मगुरूंची नामावळी, शाळेची हकीकत हीं यावयाचींच. तें काम दुसऱ्यांनीं केलें आहे. आम्हीं येथें निराळा विषय हातीं घेतला आहे, व त्याचें कारण वाचकांस लागलीच कळेल. दर वर्षीं २ नोव्हेंबर रोजीं, सर्व मृतांच्या स्मरणदिनीं, आपल्या दफनभूमींत मेणबत्त्या लागतात, कबरींवर पवित्र पाणी शिंपडलें जातें, आणि प्रार्थना आटोपून मंडळी घराकडे वळतात. त्या वेळीं कोणी ना कोणी वडील माणूस हळूच विचारतो, "फादर, हे तर क्रुसाखालीं निजले, पण आमचे आजे-पणजे, ज्यांच्या कानीं प्रभूचें नांव कधीं पडलेंच नाहीं, ते कोठें असतील?" तरुणांपैकीं एखादा पुस्ती जोडतो, "शेजारी म्हणतात तसे ते परत जन्मास आले असतील काय?" या दोन प्रश्नांचा इतिहास थोडा सांगावा, असा आमचा हेतु आहे.

मेल्यावर माणसाचें काय होतें, हा विचार आमच्या भूमींत आजकालचा नाहीं. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यापासून निराळा झाला. पण तापीचें खोरें फार पुरातन. शहादें तालुक्यांत तापी व गोमाई यांच्या संगमावर प्रकाशें म्हणून गांव आहे. लोक त्यास दक्षिणकाशी म्हणतात, आणि काशीस जाऊन आलेल्याची यात्रा प्रकाशास गेल्यावांचून पुरी होत नाहीं, अशी समजूत आहे. तेथील घाटावर लोक आजही अस्थि विसर्जन करितात. सन १९५५ सालीं पुराणवस्तु खात्यानें तेथें खोदकाम केलें, तेव्हां ताम्रपाषाणयुगापासूनची वस्ती उघडकीस आली. त्या युगांतल्या माणसांची मृतांविषयींची भावना कशी होती हें पाहावयाचें तर पुणें जिल्ह्यांतील इनामगांवीं जावें लागेल. तेथें डेक्कन कॉलेजानें सन १९६८ ते १९८३ पर्यंत उत्खनन केलें. लहान मुलें दोन मडक्यांचीं तोंडें जुळवून, घराच्या भुईंतच पुरलेलीं सांपडलीं. मोठ्यांच्या सांगाड्यांचे पाय घोट्यापासून तोडलेले होते. मेलेल्यानें घर सोडून जाऊं नये, किंवा भूत होऊन फिरूं नये, म्हणून हें केलें असावें, असा पंडितांचा तर्क आहे. तर्क खरा असो वा नसो, मेलेलें मूल त्या आईबापांस घराबाहेर टाकवत नव्हतें, एवढें तर दिसतेंच.

सातपुड्यांतील आमचे भिल्ल बांधव मृतांच्या नांवानें दगड उभा करीत आले आहेत, व त्यावर पुष्कळदां घोडेस्वाराची आकृति कोरलेली असते. त्या दगडाजवळ नैवेद्य ठेवणाऱ्याच्या मनांत पुनर्जन्माचा शास्त्रीय सिद्धांत असेलच असें नाहीं. मेलेला आपल्या कुळाजवळ आहे, ही भावना मात्र असते. खालच्या सपाटीवर, गुजर-मराठ्यांच्या गांवीं, चौऱ्यायशीं लक्ष योनींची भाषा कानीं पडते. नातू जन्मला कीं "आजोबाच पोटीं आले" असें म्हणतात. म्हणजे एकाच जिल्ह्यांत मृतांविषयींचे दोन विचार शेजारीं शेजारीं नांदत होते, आणि आमचे पहिले उपदेशक आले ते या दोहोंच्या मध्यें.

पुनर्जन्म म्हणजे केवळ शिक्षा, असें आमचे कांहीं जुने लेखक लिहीत. तें आम्हांस अपुरें वाटतें. तुकारामबोवांनीं एका प्रसिद्ध अभंगांत देवाजवळ मुक्ति नको, संतांची संगत व नामाचा छंद दे, मग खुशाल गर्भवासांत घाल, असें मागणें मागितलें आहे. तें मागणें भीतीचें नसून प्रेमाचें आहे. आमच्यांतही असें प्रेम झालें आहे. लिझ्यूची संत तेरेझा सन १८९७ सालीं चोविसाव्या वर्षीं वारली. स्वर्गांत गेल्यावरही पृथ्वीवर लोकांचें हित करीत राहावें, अशी तिची उत्कंठा होती. सन १९२७ सालीं परमगुरूंनीं तिला मिशनांची आश्रयदात्री नेमिलें. तुकारामबोवा पुनः जन्म मागतात. तेरेझा जन्म मागत नाहीं, पण स्वर्गांतूनही पाठ फिरवीत नाहीं. दोघांची निकड एकाच जातीची आहे, वाट मात्र निराळी.

ती वाट मराठी भाषेंत प्रथम मोठ्या प्रमाणावर कोणीं मांडली? फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशुसंघीयानें. तो सन १५७९ सालीं गोव्यास आला व सासष्टींत राहून सन १६१९ सालीं वारला. त्याचें 'ख्रिस्तपुराण' सन १६१६ सालीं राशोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. ओव्या अकरा हजारांच्या घरांत, ग्रंथाचे दोन भाग. त्यानें स्वर्गास 'वैकुंठ' हा शब्द घेतला. विष्णूचें नांव जोडलेला शब्द ख्रिस्ती ग्रंथांत घालणें हें धाडस होतें. पण ऐकणाराच्या मनांत जी जागा आधींच तयार आहे तींतच नवा अर्थ बसवावा, ही त्याची युक्ति. गोव्यांतील आमचे भाऊबंद नरकाला आजही 'यमकोंड' म्हणतात, तो याच प्रकारचा शब्द. त्याच सुमारास मदुरेंत रॉबर्त दि नोबिली या दुसऱ्या येशुसंघीयानें पुनर्जन्माच्या खंडनार्थ तमिळ भाषेंत स्वतंत्र ग्रंथच लिहिला. पुढें एकोणिसाव्या शतकांत नीळकंठशास्त्री गोरे या पंडितानें तोच वाद उचलला. घराणें कोंकणस्थ, वास्तव्य काशीस. सन १८४८ सालीं जौनपूर येथें बाप्तिस्मा घेऊन ते नेहेम्या झाले. सन १८६० चें त्यांचें 'षड्दर्शनदर्पण' हिंदींत आहे. ते अँग्लिकन पंथाचे होते, आमच्या सभेचे नव्हेत. परंतु सहा दर्शनें आंतून जाणणारा असा ख्रिस्ती पंडित विरळा, हें कबूल केलेंच पाहिजे.

येथें एका लोकप्रवादाचा समाचार घेतला पाहिजे. प्रारंभींची ख्रिस्तसभा पुनर्जन्म मानीत असे. सन ५५३ सालीं कॉन्स्टँटिनोपल येथील धर्मपरिषदेनें तो शास्त्रांतून काढून टाकिला, असें पुष्कळ सुशिक्षित लोक खात्रीनें सांगतात. थिऑसॉफिस्ट मंडळी सन १८७९ सालीं मुंबईस उतरली; त्यांच्या पंथानें या प्रवादास बराच हातभार लावला. खरी हकीकत अशी कीं, सन १८० च्या सुमारास, म्हणजे त्या परिषदेच्या पावणेचारशें वर्षें आधीं, लियोंचे महागुरु संत इरेनेयस यांनीं या मताचें खंडन करून ठेविलें आहे. ते विचारतात, पूर्वजन्म झाला असेल तर आत्म्यास त्याची आठवण कां नाहीं? प्लेटो म्हणे, जन्मापूर्वीं आत्मा विस्मृतीचा पेला पितो. मग प्लेटोनेंही तो पेला प्यालाच असणार; त्याला या पेल्याची आठवण कशी राहिली? ही कोटी वाचून आम्हांस नेहमीं हंसूं येतें. कार्थेजचा तर्तुल्लियान यानें तिसऱ्या शतकाच्या आरंभीं आत्म्यावरील आपल्या ग्रंथांत हाच समाचार विस्तारानें घेतला. ज्याचें नांव या प्रवादांत नेहमीं गोवलें जातें तो ओरिगेन, त्याचा दोष निराळा: देहापूर्वीं आत्मे अस्तित्वांत होते, असा तर्क त्यानें केला. तो सभेस मान्य झाला नाहीं. परंतु एका देहांतून दुसऱ्या देहांत आत्मा जातो, हें मत मात्र त्यानें स्वतःच, संत मत्तयच्या शुभवर्तमानावरील भाष्यांत, सभेस परकें म्हणून नाकारिलें आहे. शास्त्रांतून जें कधीं नव्हतेंच तें काढून टाकणार कसें?

एलियाचा दाखलाही असाच पुढें केला जातो. प्रभूनें योहान बाप्तिस्त्यास एलिया म्हटलें, तेव्हां एलियाचाच पुनर्जन्म झाला, असें म्हणतात. पण एलिया मेलाच नव्हता. तो अग्निरथांतून वर गेला, अशी जुन्या करारांतील कथा आहे. योहानानें स्वतः 'मी एलिया नव्हे' असें उत्तर दिलें. आणि योहानाचा शिरच्छेद झाल्यानंतर प्रभूच्या रूपांतराच्या वेळीं डोंगरावर दिसला तो एलियाच, योहान नव्हे. एवढें ध्यानांत धरिलें तर वादास जागा राहत नाहीं.

आमच्या मराठींत मात्र एक अडचण खरी आहे. पुनर्जन्म, पुनरुत्थान, आणि निकदेमास प्रभूनें सांगितलेला नवा जन्म, हे तिन्ही शब्द कानास भाऊ-भाऊ वाटतात. नवा जन्म म्हणजे बाप्तिस्मा. तो मरणापूर्वीं, याच देहांत, पाण्यानें व आत्म्यानें होतो. पुनरुत्थान म्हणजे याच देहाचें, ज्यानें नांगर धरिला व मूल कडेवर घेतलें त्याचेंच, रूपांतर होऊन उठणें. पुनर्जन्मांत देह हा बदलावयाचा अंगरखा ठरतो. आमच्या विश्वासांत देह हा माणसाचा अर्धा भाग आहे. मरण एकदांच, व त्यानंतर न्याय, असें हिब्रूंस पाठविलेल्या पत्राच्या नवव्या अध्यायांत आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें सन १९६४ सालीं व सन १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथानें तेंच सांगितलें. शुद्धिस्थानाची शिकवण ही याच्याशीं विसंगत नाहीं. तेथें दुसरें आयुष्य नाहीं, याच आयुष्याची मलिनता धुतली जाते.

आतां हा वाद केवळ पंडितांचा आहे काय? आमच्या जिल्ह्यांत पाहा. भिल्ल, पावरा, गावीत, मावची या समाजांत सिकलसेलचा आजार पुष्कळ आढळतो. रक्तांतील तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, अंग ठणकतें, मूल वारंवार आजारी पडतें. दोन्ही आईबापांकडून दोषाचा एकेक अंश आला तरच हा आजार होतो. आणि असे दोघे वाहक असले तर दर गर्भाच्या वेळीं चारांत एक अशी शक्यता असते. अशा मुलाच्या आईस "मागच्या जन्मीचें भोगतें आहे" असें म्हणणारे लोक निघतात. सर्वच हिंदु शेजारी असें म्हणतात असें नाहीं. पुष्कळांनीं अशा आयांस आपल्या बैलगाडींतून दवाखान्यापर्यंत पोहोंचविलें आहे. परंतु शब्द लागतो. शिष्यांनीं जन्मांधाविषयीं हाच प्रश्न केला होता: पाप कोणाचें, याचें कीं याच्या आईबापांचें? प्रभूनें दोन्ही नाकारिलीं, मातीचा लेप करून त्याच्या डोळ्यांस लाविला व त्यास शिलोहाच्या तळ्यावर धुवावयास पाठविलें. त्या आईला सांगण्यासारखें याहून दुसरें आम्हांस कांहीं सुचत नाहीं.

दहनाचा प्रश्नही मधूनमधून निघतो, विशेषतः ज्या घरांत अर्धी माणसें ख्रिस्ती व अर्धी हिंदु आहेत तेथें. सभेनें सन १८८६ सालीं दहनास मनाई केली होती. सन १९६३ सालीं ती उठविली. पुनरुत्थानावरील विश्वास नाकारण्याकरितां केलेलें नसेल तर दहन चालतें, दफन मात्र अधिक पसंत. सन १९१६ पासून शंभर वर्षांनीं, म्हणजे सन २०१६ सालीं, रोमहून आलेल्या सूचनेंत रक्षा वाऱ्यावर, भूमीवर, पाण्यांत वा अन्य कोठें विखरूं नये, पवित्र स्थळीं ठेवावी, असें स्पष्ट केलें. म्हणून प्रकाशाच्या घाटावर नातलगांबरोबर जाऊन उभें राहावयास हरकत नाहीं. परंतु आपल्या माणसाची रक्षा दफनभूमींतच यावी.

राहिला त्या वडील माणसाचा प्रश्न. तो नवा नाहीं. संत फ्रान्सिस झेवियर सन १५४९ ते १५५१ पर्यंत जपानांत होते. २९ जानेवारी १५५२ रोजीं कोचीनहून लिहिलेल्या पत्रांत ते सांगतात कीं, तेथील नवख्रिस्ती आपल्या मृत आईबापांसाठीं रडत, त्यांना सोडविण्याचा कांहीं उपाय आहे काय, म्हणून विचारीत; आणि उपाय नाहीं असें ऐकून त्यांचें दुःख अनावर होई. त्या काळच्या शिकवणीप्रमाणें संतांनीं उत्तर दिलें खरें, पण मित्रांचे ते अश्रु पाहून स्वतःसही वाईट वाटल्याचें त्यांनीं लपविलेलें नाहीं. संतांचा देह आज गोव्यांत आहे. त्यांच्या दर्शनास आमच्या धर्मग्रामांतील मंडळी जातात तेव्हां हें पत्रही त्यांनीं आठवावें. उत्तर मिळावयास चारशें वर्षें लागलीं. ज्यांस स्वतःच्या दोषावांचून शुभवर्तमान कळलें नाहीं, पण जे प्रामाणिक मनानें देवास शोधीत राहिले व सद्‌सद्विवेकाप्रमाणें वागले, त्यांसही तारण मिळूं शकतें, असें परिषदेनें सन १९६४ सालीं जाहीर केलें. बाप्तिस्म्यावांचून मेलेल्या बालकांविषयींही आशा बाळगण्यास आधार आहे, असा निर्वाळा सन २००७ सालीं रोमच्या ईशज्ञानी मंडळानें दिला. आणि ही आशा मुळींच नवी नव्हे: प्रेषितांच्या विश्वासांगीकारांत प्रभु मृतांच्या लोकीं उतरला, हें आपण दर रविवारीं म्हणतों. तेथें त्यास कोण भेटले असतील? बाप्तिस्मा झालेला त्यांत एकही नव्हता.

तेव्हां २ नोव्हेंबरच्या मिस्सेसाठीं मृतांच्या नांवांची यादी देतांना, बाप्तिस्मा न झालेल्या आजाचें नांव लिहावें कीं नाहीं, म्हणून पुष्कळजण कागद हातांत घेऊन घुटमळतात. मिस्सेच्या चौथ्या कृतज्ञतास्तवनांत, ज्यांचा विश्वास केवळ देवासच ठाऊक आहे अशा मृतांसाठींही प्रार्थना आहे. नांव लिहावें. ज्या आजाचें पाळण्यांतलें नांव कोणास आठवत नसेल, त्याच्या नुसत्या नात्याचा उल्लेख केला तरी चालेल.