जो फोटो आधी येईल तो

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या पर्यटनाचं एखादं वेबपान डोळ्यांसमोर आणा. त्यावर तीन फोटो: भुईकोट किल्ला, चांदबीबी महाल आणि शिर्डीचं समाधी मंदिर. कोडमध्ये किल्ला पहिला लिहिला, म्हणून पडद्यावर तोच आधी दिसेल असं नाही. ज्याची फाइल हलकी, तो फोटो बहुधा पुढे.

मुळात मजकुरातच चित्र बसवण्याची कल्पना मार्क अँड्रीसनने फेब्रुवारी १९९३ मध्ये मांडली आणि मोझॅक ब्राउझरने ती रूढ केली. आपल्याकडे व्हीएसएनएलचं इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झालं. २८.८ केबीपीएसच्या मोडेमवर, लाइन धड असली तरी, ६० केबीचा फोटो उतरायला सतराएक सेकंद जायचे. तेवढा वेळ अख्खं पान अडवून ठेवणार कोण? ऑगस्ट १९९६ च्या नेटस्केप नॅव्हिगेटर ३ मध्ये जावास्क्रिप्टला ‘इमेज’ ऑब्जेक्ट मिळालं. फोटो मागवायचा आणि पुढच्या कामाला लागायचं. तो आला की ‘ऑनलोड’ला आणि फसला की ‘ऑनएरर’ला नेमून दिलेलं फंक्शन चालायचं.

सोय झाली, घोळही वाढले.

लूपमध्ये ‘व्हार’ने फोटोचं नाव साठवलं, तर फोटो येईपर्यंत लूप केव्हाच संपलेलं असे आणि त्या एकाच व्हेरिएबलमध्ये शेवटचं नाव उरलेलं असे. मग किल्ल्याखाली ‘समाधी मंदिर’, महालाखालीही ‘समाधी मंदिर’! (चुकीचं नाव नगरला नवं नाही म्हणा, चांदबीबी महाल ही खरं तर सलाबतखानाची कबर.) प्रत्येक फेरीला वेगळं फंक्शन गुंडाळून लोक वेळ निभावत. जावास्क्रिप्टच्या २०१५ च्या मानकातल्या, प्रत्येक फेरीला वेगळं व्हेरिएबल देणाऱ्या ‘लेट’ने ती कसरत संपवली.

त्याच मानकात प्रॉमिस, म्हणजे नंतर मिळणाऱ्या निकालाची जागा धरणारं ऑब्जेक्ट, आलं. त्याआधी सगळे फोटो आले का, हे हाताने मोजावं लागे: तीन, दोन, एक, शून्य. फसलेला फोटो वजा करायचा राहिला की ‘लोड होत आहे’ ही पाटी कायमची. ‘प्रॉमिस डॉट ऑल’ने मोजणी वाचवली आणि निकालही मागवलेल्या क्रमाने दिले, पण एक फोटो फसला तरी तो सगळ्यांनाच नापास करतो. प्रत्येकाचा वेगळा निकाल सांगणारं ‘ऑलसेटल्ड’ मिळायला २०२० उजाडलं. इतकी वर्षं ‘ऑनएरर’ हाताशी होतं, तरी ते लिहायचा कंटाळा मात्र गेला नाही.

फोटोंचं पान तयार झालं की एका फाइलचं नाव मुद्दाम चुकवा आणि काय दिसतं ते आधी पाहा.